युरोपचा रेल्वे पास: आधी मार्ग ठरवा, पास नंतर

युरोपचा रेल्वे पास घेतला की कुठल्याही स्टेशनात शिरायचं, समोर उभी असेल त्या गाडीत बसायचं आणि वाटेल तिथे उतरायचं, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते अर्धंच खरं आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, चेकिया या देशांत पास जवळजवळ असाच चालतो. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांत मात्र पास असला तरी आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात, आणि काही गाड्यांत पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागा संपल्या की गाडी अर्धी रिकामी असूनही तुम्हाला जागा मिळत नाही. पुणे-मुंबई रोज ये-जा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: मासिक पास असला म्हणून कुठल्याही गाडीच्या कुठल्याही डब्यात बसता येत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आधी पास विकत घेऊन मग त्यात शहरं बसवू नका. आधी मार्ग आखा, त्यातल्या कुठल्या गाड्या पासला मोकळ्या आहेत ते बघा, आणि मग पास परवडतो का हे ठरवा. अनेकदा परवडतो. काही वेळा अजिबात परवडत नाही.

पास कुणाला कुठला

एकाच संस्थेचे दोन पास आहेत. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल, जो १९५९ पासून आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, जो १९७२ मध्ये सुरू झाला. भेद पासपोर्टचा नसून राहण्याच्या जागेचा आहे, आणि हे मराठी घरांना आता थेट लागू होतं. मुलगा म्युनिकला किंवा आइंडहोव्हनला नोकरी करतो, तिथला रहिवासी परवाना त्याच्याकडे आहे, तर त्याचा पास इंटररेल. त्याला भेटायला नाशिकहून गेलेल्या आईबाबांचा पास युरेल. तिघं एकाच गाडीत शेजारी बसून जाऊ शकतात. फरक एक आहे: इंटररेलवाल्याला स्वतःच्या राहत्या देशात पासवर मनमुराद फिरता येत नाही, तिथून बाहेर पडायला एकदा आणि परत यायला एकदा एवढीच मुभा असते. आईबाबांना ही अट नाही. म्हणजे जर्मनी पालथी घालायची असेल तर त्या घरात आईबाबांचा पास जास्त कामाचा.

सगळ्या देशांत चालणाऱ्या पासला ग्लोबल पास म्हणतात आणि तो ३३ देशांत चालतो. त्याचे पुन्हा दोन प्रकार. एकात सलग दिवस मिळतात: १५ दिवस, २२ दिवस, एक महिना, दोन महिने, तीन महिने. दुसऱ्यात ठरावीक मुदतीत मोजके प्रवासाचे दिवस मिळतात: एका महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस, नाहीतर दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस. तीन आठवड्यांच्या सहलीला जाणाऱ्या माणसासाठी दुसरा प्रकारच योग्य, कारण रोज उठून गाडीत बसणं ही सहल नव्हे.

वयाचा हिशेब नीट बघा, कारण खरी बचत तिथे दडलेली असते. १२ ते २७ वर्षांच्या मुलामुलींना तरुणांचा सवलतीचा पास मिळतो. ६० वर्षं पूर्ण झालेल्यांना दहा टक्के सूट. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास फुकट असतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत; फक्त तो मागावा लागतो आणि आरक्षण लागणाऱ्या गाडीत मुलांच्या जागेचे पैसे पडतात ते पडतातच. आई, बाबा आणि दोन लहान मुलं अशा कुटुंबाला पास बहुतेक वेळा सुट्या तिकिटांहून स्वस्त पडतो तो यामुळेच.

प्रवासाचा दिवस म्हणजे काय

सगळ्यात जास्त गोंधळ याच गोष्टीत होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

सात दिवसांचा पास म्हणजे सात गाड्या नव्हेत, आणि सलग सात दिवसही नव्हेत. महिन्याभरात तुम्ही निवडाल ते सात दिवस. निवडलेल्या दिवशी रात्री बारापासून पुढच्या रात्री बारापर्यंत कितीही गाड्या घ्या, दिवस एकच मोजला जातो. सकाळी झुरिकहून ल्युसर्न, तिथून इंटरलाकेन, तिथून बर्न आणि संध्याकाळी परत झुरिक, हा सगळा एक दिवस.

रात्रीच्या गाडीचा नियम प्रवाशाच्या सोयीचा आहे. गाडी रात्री बाराच्या आत सुटली आणि तुम्ही सकाळी त्याच गाडीतून उतरलात, तर फक्त सुटण्याचा दिवस खर्च होतो. मध्यरात्रीनंतर गाडी बदललीत, किंवा सकाळी उतरल्यावर पासवर पुढची गाडी पकडलीत, तर दुसरा दिवस मोजला जातो. म्हणून म्युनिकहून रात्री निघून सकाळी रोमला पोहोचलात तर एक दिवस; तिथून लगेच नेपल्सची गाडी धरलीत तर दोन.

आता या दिवसाची किंमत काढा. मोठ्या माणसाचा सात दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास साधारण चारशे युरोंच्या आसपास असतो. किंमत बदलत राहते, वर्षातून काही वेळा सवलतीच्या योजनाही येतात, पण हिशेबासाठी हा आकडा पुरे. म्हणजे एक दिवस साधारण पंचावन्न युरोंना पडला. प्रत्येक प्रवासाला या पट्टीने मोजा. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे आणि तिकीट स्वस्त आहे, त्यासाठी पासचा दिवस जाळू नका, खिडकीवर तिकीट काढा. म्युनिकहून साल्झबुर्गला जायचं असेल तर बायर्न तिकीट नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं, ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं, साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. कामाच्या दिवशी सकाळी नवानंतरच्या प्रादेशिक गाड्यांत बसायचं, एवढीच अट. चौघं असाल तर याच्यासमोर पास टिकत नाही. उलट स्वित्झर्लंडमध्ये ऐनवेळी काढलेलं तिकीट खिसा रिकामा करतं, तिथे पासचा दिवस वापरणं शहाणपणाचं.

एक खराखुरा मार्ग

कोरड्या नियमांनी कंटाळा येतो, म्हणून एक मार्ग घेऊ. मुंबईहून विमानाने ऍमस्टरडॅम, परतीचं विमान मिलानहून. जिथे उतरलो तिथूनच परतायचं असा हट्ट धरला तर शेवटचा एक अख्खा दिवस आणि पासचा एक दिवस मागे जाण्यात वाया जातो. विमानाचं तिकीट काढताना येण्याचं आणि जाण्याचं शहर वेगळं निवडता येतं, आणि त्याची किंमत साध्या परतीच्या तिकिटाच्या जवळपास असते.

ऍमस्टरडॅमला तीन रात्री, बर्लिनला तीन, प्रागला तीन, व्हिएन्नाला तीन, साल्झबुर्गला दोन, ल्युसर्नला चार, मिलानला एक. एकूण १९ रात्री. आता गाडीचे दिवस मोजा: ऍमस्टरडॅम ते बर्लिन, बर्लिन ते प्राग, प्राग ते व्हिएन्ना, व्हिएन्ना ते साल्झबुर्ग, साल्झबुर्ग ते ल्युसर्न, ल्युसर्नहून इंटरलाकेनची दिवसाची फेरी, आणि ल्युसर्न ते मिलान. बरोबर सात. सात दिवसांचा पास अंगाबरोबर बसला.

या मार्गाची खरी ताकद अशी की यात आरक्षण सक्तीचं असलेली गाडी जवळजवळ येतच नाही. जर्मनीच्या आयसीई, ऑस्ट्रियाच्या रेलजेट, चेक गाड्या, स्विस गाड्या, सगळीकडे पास दाखवा आणि बसा. चारपाच युरोंत जागा राखून ठेवता येते, ती ऐच्छिक. शुक्रवारी दुपारी, रविवारी संध्याकाळी आणि जुलै-ऑगस्टमध्ये मी ती घ्या असंच सांगेन, विशेषतः घरचे सगळे एकत्र बसायचे असतील तर. उन्हाळ्यात काही आंतरराष्ट्रीय गाड्यांना आरक्षण सक्तीचं करतात, म्हणून निघण्याआधी वेळापत्रकात त्या गाडीपुढची खूण बघून घ्या.

पहिला टप्पा सहा तासांचा आणि सपाट. पुस्तक सोबत ठेवा. दुसरा टप्पा मात्र डोळे उघडे ठेवून करायचा. बर्लिनहून प्रागला साडेचार तासांच्या आत गाडी पोहोचते, आणि ड्रेस्डेन सोडल्यावर रूळ एल्बे नदीला चिकटून जातात. वाळूच्या दगडाचे उभे कडे, पलीकडच्या काठावर गावं, पाण्यातून जाणाऱ्या होड्या. प्रागच्या दिशेने जाताना नदी डाव्या हाताला राहते, म्हणून डावीकडची जागा धरा. चेक गाड्यांना खाण्याचा डबा असतो, तिथे बसूनही हेच दृश्य दिसतं. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते साल्झबुर्ग अडीच तासांच्या आत.

साल्झबुर्गहून झुरिकची गाडी या सगळ्या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता टप्पा. साडेपाच तास, एका गाडीत. साल्झबुर्गहून इन्सब्रुकला जाताना गाडी ऑस्ट्रियाची असूनही मधला काही भाग जर्मनीतून कापते, कारण तोच जवळचा रस्ता आहे. इन्सब्रुकनंतर आर्लबर्गची चढण सुरू होते. १८८४ साली खुला झालेला साडेदहा किलोमीटरहून लांब बोगदा ओलांडून गाडी पश्चिमेच्या उतारावर येते, पुढे लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातून न थांबता जाते आणि स्वित्झर्लंडमधल्या बुख्स स्टेशनात तिची दिशा उलटी होते. तोवर समोर तोंड करून बसलेली माणसं आता पाठमोरी जाऊ लागतात. गाडी परत फिरली असं वाटून घाबरायचं कारण नाही. त्यानंतर झुरिककडे जाताना उजव्या हाताला वालेन्झे तळं लागतं, पलीकडे पाण्यातून सरळ वर गेलेले डोंगर. झुरिकला गाडी बदलली की पाऊण तासात ल्युसर्न.

शेवटचा टप्पा म्हणजे ल्युसर्न ते मिलान. गॉटहार्डमार्गे सरळ गेलात तर साडेतीन तासांत पोहोचता, पण सीमा ओलांडणाऱ्या त्या युरोसिटी गाडीला आरक्षण सक्तीचं. वेळ असेल तर दुसरी वाट घ्या: ल्युसर्नहून खूर, खूरहून आल्बुला आणि बर्निना घाटांतून तिरानो, तिरानोहून कोमो तळ्याच्या काठाने मिलान. पूर्ण दिवस जातो, सकाळी लवकर निघावं लागतं, आणि जायलाच हवं असं मी म्हणेन. ही रेल्वे २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दातेरी रुळांचा आधार न घेता गाडी समुद्रसपाटीपासून २,२५३ मीटर उंचीवरच्या बर्निना माथ्यावर चढते आणि साधारण ४३० मीटरवरच्या तिरानोला उतरते. सकाळी हिमनद्या, दुपारी द्राक्षांचे मळे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बर्निना एक्स्प्रेस नावाची मोठ्या काचांची पर्यटक गाडी याच रुळांवरून धावते, आणि तिला पासवरसुद्धा आरक्षणाचे बरेच पैसे मोजावे लागतात. पण त्याच मार्गावर दिवसभर साध्या प्रादेशिक गाड्या आहेत. त्यांना आरक्षण नाही, जादा पैसे नाहीत, लँडवासरचा ६५ मीटर उंच पूल तोच आणि ब्रूझिओचा गोल फिरणारा पूलही तोच. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेचं प्रतिबिंबही येत नाही. मध्ये एकदोनदा गाडी बदलावी लागते, इतकंच.

पॅरिस हवंच असेल तर

असतंच. पहिल्यांदा जाणाऱ्याला पॅरिस आणि रोम सोडायला सांगणं मला जमत नाही. पण तिथे पास कसा वागतो ते माहीत करून घ्या.

फ्रान्सच्या टीजीव्ही गाड्यांना आरक्षण सक्तीचं आहे. देशांतर्गत प्रवासाला ते साधारण दहा ते वीस युरो पडतं. पॅरिसहून झुरिकला जाणाऱ्या लिरिया गाडीला, तसंच ऍमस्टरडॅम, ब्रुसेल्स आणि लंडनला जाणाऱ्या युरोस्टारला त्याहून बरंच जास्त. युरोस्टारमध्ये पासवाल्यांच्या जागा मोजक्या असतात आणि उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे आधी संपतात. म्हणून पॅरिस मार्गात असेल तर त्या एका टप्प्याची जागा आधी पक्की करा आणि बाकीचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवा. फ्रान्समधली विगो ही स्वस्त वेगवान गाडी पासमध्ये येतच नाही. तिचं तिकीट वेगळं काढायचं.

घाई नसेल तर फ्रान्समध्येही मोकळी वाट आहे. पॅरिसच्या गार द लेस्ट स्टेशनातून त्र्वा आणि बेलफोरमार्गे म्युलूझला प्रादेशिक गाड्या जातात, तिथून बाझल जवळच. वेळ बराच जास्त लागतो, पण आरक्षण लागत नाही. जागा संपल्यावर हा मार्ग माहीत असलेला बरा.

इटलीत फ्रेचारोसा गाड्यांना दर खेपेस तेरा युरोंच्या आसपास आरक्षण. त्याच शहरांदरम्यान प्रादेशिक गाड्याही असतात, त्यांत पास पुरतो. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, प्रादेशिक गाडीने साडेतीन-चार तास. सुटीच्या दिवसाचे दोन तास तेरा युरोंपेक्षा जास्त मोलाचे आहेत असं मला वाटतं. इटलीत वेगवान गाड्यांची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर इतकी स्वस्त मिळतात की पासचा दिवस अधिक आरक्षण यापेक्षा सुटं तिकीटच परवडतं. त्यामुळे मार्गाच्या शेवटी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असतील तर पास मिलानलाच संपवा आणि पुढची तिकिटं वेगळी काढा. व्हेनिसला जाताना मेस्त्रे आणि सांता लुचिया ही दोन वेगळी स्टेशनं आहेत हे लक्षात ठेवा. पहिलं मुख्य भूमीवर, दुसरं कालव्याच्या काठावर. हॉटेल जिथे असेल तिथे उतरा.

लंडनबद्दल एकच वाक्य: पास ब्रिटनमध्ये चालतो, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला) चालत नाही.

व्हिसा मार्गावर ठरतो

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही सगळ्यात नाजूक बाजू, आणि परदेशी लेखकांच्या मार्गदर्शनात ती सापडत नाही, कारण त्यांना व्हिसा लागत नाही.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी शिरणार, त्या देशाकडे. वरचा मार्ग पुन्हा बघा. उतरणार नेदरलँड्समध्ये, मनात स्वित्झर्लंड, पण रात्री मोजल्या तर व्हिएन्नाच्या तीन आणि साल्झबुर्गच्या दोन मिळून ऑस्ट्रियाच्या पाच होतात, स्वित्झर्लंडच्या चारच. अर्ज ऑस्ट्रियाकडे जातो. साल्झबुर्गची एक रात्र काढून ल्युसर्नला जोडली तर तोच अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल. म्हणून रात्रींची वाटणी अर्जाच्या आधी पक्की करावी लागते आणि नंतर ती मनाला येईल तशी बदलता येत नाही. पासची लवचीकता आणि व्हिसाची शिस्त यांचा मेळ असा बसवा: शहरं आणि रात्री ठरलेल्या ठेवा, गाड्यांच्या वेळा मोकळ्या ठेवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे महिन्याच्या सुटीत जाणाऱ्यांनी पंधरा दिवसांवर विसंबू नये, कारण अर्ज देण्याची वेळ मिळायलाच आठवडे जातात. मोठ्यांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. रद्द करता येतील अशीच हॉटेलं आरक्षित करा. पासही व्हिसा हातात आल्यावर घेतलेला बरा. आधी घ्यायचाच असेल तर सवलतीच्या योजनेतला घेऊ नका. तो परत करता येत नाही, नेहमीच्या किमतीचा न वापरलेला पास थोडी रक्कम कापून परत करता येतो.

सर्बिया, बोस्निया, तुर्किये हे देश पासमध्ये आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत. हंगेरीतल्या बुडापेस्टहून सहज सर्बियातल्या बेलग्रेडला जाऊन येऊ म्हणाल, तर एकाच प्रवेशाच्या व्हिसावर परत हंगेरीत शिरता येणार नाही.

फोनमधला पास आणि स्टेशनवरची रीत

पास आता फोनवर, रेल प्लॅनर या ऍपमध्ये असतो. विकत घेतल्यापासून अकरा महिन्यांत तो सुरू करावा लागतो. प्रवासाच्या दिवशी ऍपमध्ये त्या दिवसाची गाडी जोडायची, ती पासवर चढवायची, आणि मग दिसणारा चौकोनी कोड टीसीला दाखवायचा. हे सगळं गाडीत चढण्याआधी झालं पाहिजे. टीसी समोर आल्यावर फोन काढून गाडी जोडू लागलात तर तो विनातिकीट प्रवास ठरू शकतो. उलट आदल्या रात्रीच दिवस सुरू करून ठेवण्याची घाईही नको. सकाळी पाऊस बघून बेत बदलला तरी दिवस गेलेला असतो. फलाटावर पोहोचल्यावर सुरू करा. पासवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक जुळायला हवेत, आणि मूळ पासपोर्ट सोबत हवा. ऍपला अधूनमधून इंटरनेट लागतं, तेव्हा तिथलं सिमकार्ड किंवा रोमिंग असू द्या.

गाड्या शोधायला मी जर्मन रेल्वेच्या वेळापत्रकाचा आधार घेतो, कारण त्यात जर्मनीबाहेरच्याही बहुतेक गाड्या सापडतात. युरोपभरचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी बदलतं, त्यामुळे नाताळच्या सुटीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरात बघितलेल्या वेळा पुन्हा तपासाव्यात. फलाटावरच्या फळ्यांवर स्थानिक नावं असतात: व्हिएन्नाचं वीन, प्रागचं प्राहा, फ्लॉरेन्सचं फिरेंझे.

जर्मनीत गाड्या वेळेवर धावतात ही समजूत मात्र सोडून द्या. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या. म्हणून जर्मनीत गाडी बदलायची असेल तर वेळापत्रक दाखवतं त्या आठ मिनिटांवर भरवसा ठेवू नका, निदान अर्धा-पाऊण तास हाती ठेवा. इथे पासचा मोठा फायदा कळतो. स्वस्तातलं सुटं तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. पासवाला पुढच्या गाडीत बसतो आणि कुणाला काही सांगावं लागत नाही.

फलाट ए, बी, सी अशा भागांत वाटलेला असतो आणि कुठला डबा कुठल्या भागात येणार हे फळीवर दिसतं. गाडी दोनतीन मिनिटंच थांबते, सामान उचलायला हमाल नसतो, दाराशी अनेकदा दोन पायऱ्या असतात. स्वतःला एका हाताने उचलता येईल तेवढीच बॅग घ्या. घरातल्या ज्येष्ठांसाठी तर हा नियम काटेकोर पाळा. काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि वेगवेगळ्या शहरांना जातात, म्हणून दारावरच्या पाटीत आपल्या शहराचं नाव आहे का हे बघूनच चढा. मधल्या शहरात चार तास फिरायचं असेल तर मोठ्या स्टेशनांत सामान ठेवायचे कप्पे असतात. शहरातली मेट्रो, ट्राम आणि बस पासमध्ये येत नाही. जर्मनीतल्या एसबान या उपनगरी गाड्या मात्र येतात. युंगफ्राउयोखसारख्या डोंगरी रेल्वेवर पास फुकट चालत नाही, तिथे पंचवीस टक्क्यांची सवलत मिळते.

मग पास घ्यावा की नाही

तारखा पक्क्या असतील, तिकिटं चार महिने आधी काढायची तयारी असेल आणि दोघंच मोठी माणसं असतील, तर वरच्या मार्गातल्या पहिल्या चार टप्प्यांची सुटी तिकिटं पासच्या चार दिवसांपेक्षा स्वस्त पडू शकतात. उरलेले तीन दिवस स्वित्झर्लंडशी जोडलेले आहेत आणि तिथे पास पुढे जातो. सगळी सहल स्वित्झर्लंडचीच असेल तर युरेल घेऊच नका, स्विस ट्रॅव्हल पास घ्या. त्यात गाड्यांबरोबर बस, तळ्यांतल्या बोटी, शहरातल्या ट्राम आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं येतात.

सोबत बारा वर्षांखालची मुलं असतील, घरात कुणी सत्तावीस वर्षांपर्यंतचं असेल, व्हिसा उशिरा हाती आल्यामुळे स्वस्त तिकिटं संपून गेली असतील, किंवा सकाळी उठून आज ल्युसर्नला पाऊस आहे तर आल्प्सच्या पलीकडे उन्हात जाऊ असं म्हणायची मोकळीक हवी असेल, तर पास घ्या. माझ्या ओळखीच्या बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत यातलं निदान एक कारण लागू होतं. कागदावर मार्ग लिहा, प्रत्येक टप्प्यासमोर आजचं सुटं तिकीट आणि लागू असेल तर आरक्षणाची रक्कम लिहा, बेरीज करा, आणि ती पासच्या त्या दिवशीच्या किमतीशेजारी ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते पास विकत घेण्याआधी करा.